यौवनलोपी

फॉर्मॅलिननं माझं नाक केव्हाच नेलंय.
अठरा वर्षं मुंबई नाक्यामागच्या या तळघरात
डब्या उघडतोय, डब्या मिटतोय.
फुलबाजारातून जाताना बायको म्हणते, मोगरा आलाय बघ.
मी मान हलवतो.

आजची डबी : देवका भोये, वय चौदा महिने,
सुरगाण्याच्याही पुढचं गाव,
शस्त्रक्रिया हृदयाची.
हृदयापाशी पोचायचं तर वाटेतलं हे बाजूला करावं लागतं,
ताडगोळ्याहून जरा गुलाबी, मऊ, दोन पाखी.
पुस्तकात याला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात.
हे नाव ज्यानं ठेवलं
त्याचं स्वतःचं तारुण्य नुकतंच सरलं असणार.

मेण, पातं, चार मायक्रॉनचा काप, जांभळा रंग.
गायधनी मॅडम चष्मा कपाळावर चढवून बघतात
आणि सवड असली तर हाक मारतात : शिरसाट, या इकडे.

काठाला जांभळी दाटी. आत फिकट, विरळ.
“अस्थिमज्जेतून आल्या या पोरी.
कुणी बोट धरून आणलं नाही.
इथल्या भिंतींनी रसायन सोडलं,
त्याचा माग काढत
जिकडे दाट तिकडे, अजून दाट तिकडे,
करत करत काठाला पोचल्या.
तिथं वाढल्या. मग आतून बोलावणं.”

म्हणजे आतला वास नंतर सुटतो?

“छे हो. तो पहिल्यापासून होताच.
यांनाच त्याचं नाक नव्हतं.
काठावरची परीक्षा पास झाली की नवं नाक फुटतं,
जुनं गळून जातं.”

मी भिंगातून डोळा काढला नाही.
सातपूर. तीनचा भोंगा.
बापाच्या शर्टाला कटिंग ऑइलचा वास,
त्या वासामागं मी गेटपर्यंत धावत जायचो.
सोळाव्या वर्षी तोच शर्ट, तेच ऑइल,
आणि मी रस्त्याच्या पलीकडून
मान खाली घालून निघून गेलो.
शर्टात काहीच बदललं नव्हतं.

दुपारी देवकाची आई आली, कागद घ्यायला.
काय काढलं म्हणे माझ्या पोरीचं?
शाळा, मी म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.
अंगातल्या एकेका गावचा नमुना आत मांडलेला असतो,
काळजाचा, डोळ्याचा, कातडीचा.
आपल्याच माणसाला चावायला धावली
ती पेशी तिथंच संपते.
शंभरातल्या दोन-तीन बाहेर पडतात.

ती गप्प. मग म्हणाली,
आमच्या आश्रमशाळेत बी एवढं कडक नव्हतं.
मग, आता हिची शाळा तुमच्या डबीत?

थोडी राहिलीय वर, मानेकडं. सगळी काढत नाहीत.

तेवढी पुरंल?

मॅडमना विचारून सांगतो, म्हणालो.
विचारलं नाही.

बाहेरचंही एक रसायन असतं, मॅडम जाता जाता म्हणाल्या होत्या,
ग्रंथीत पातळ, रक्तात दाट.
तयार झालेली पेशी त्याच्यामागं निघते
आणि मागं वळत नाही.
मॅडमनी हे पर्स शोधता शोधता सांगितलं,
मुलगी जर्मनीला गेल्यापासून त्या असंच काहीतरी शोधत असतात.

कागद घडी करून पोलक्यात ठेवत आईनं विचारलं,
ठक्कर बाजारचा रस्ता हाच ना?
मी डावं-उजवं सांगायला लागलो, पूल, सिग्नल, पेट्रोल पंप.
राहू द्या, ती म्हणाली,
येताना कोपऱ्यावरच्या भज्यांच्या वासावर वळले होते,
तिथवर गेलं की कळंल.

भजी?

सहाला कुलूप लावून वर आलो.
कोपऱ्यावर गाडी होती. कढई होती.
माणूस घाण्यातून झारा काढत होता,
काळवंडलेल्या पत्र्यावर लिहिलेलं, सन दोन हजार नऊपासून.
समोर उभा राहून मी जोरात श्वास घेतला.
किती देऊ, त्यानं विचारलं.